फ्यूज पुन्हा पुन्हा उडतोय?

तुमच्या घरी जुनी कार आहे? मग हा अनुभव तुम्हालाही आला असेल. फ्यूज उडतो, आपण नवा बसवतो आणि चार दिवसांनी तो पुन्हा उडतो!

इथे येलहंक्यात आमच्या गाडीचंही असंच झालं. उडायचा तो ब्रेक लाइटचा फ्यूज. गाडी नीट चालायची, त्यामुळे आम्हाला पत्ताच नसायचा. बळ्ळारी रोडवर सिग्नलला एका दुचाकीवाल्याने काच ठोठावून सांगितलं, तेव्हा कळलं.

अशा वेळी "10चा टिकत नाही, 20चा टाका" असा सल्ला हमखास मिळतो. तो अजिबात ऐकू नका! फ्यूज वायरला वाचवतो. मोठा फ्यूज टाकला तर तो शाबूत राहील, पण वायर तापून पेट घेऊ शकते. बदलताना रंग पाहा: लाल 10 अँपिअर, निळा 15, पिवळा 20.

मग दोष कसा शोधायचा? फ्यूज कधी उडतो ते लिहून ठेवा. पावसात? रिव्हर्स टाकल्यावर? आमचा डिकीत सामान भरल्यावर, पहिला ब्रेक दाबताच उडायचा. इलेक्ट्रिशियनला हे सांगितलं आणि त्याने थेट डिकीची बिजागरी पाहिली. वायरचं आवरण घासून आतलं तांबं पत्र्याला लागत होतं.

आज एवढं कराच. चावी ऑन, इंजिन बंद. घरातल्या कुणाला तरी गाडीमागे उभं करा आणि ब्रेक दाबा. सगळे दिवे लागले ना?