वाशिम पाहायचे म्हणजे नेमके काय पाहायचे?

१/
वाशिमला आलेला प्रवासी बालाजीचे दर्शन घेतो, तलावाच्या पायऱ्यांवर घटकाभर टेकतो आणि परतीची गाडी धरतो. ‘पाहण्यासारखे एवढेच’, असे त्याला सांगितले जाते. एकेकाळी वाकाटकांची राजधानी असलेल्या नगराविषयी हे उत्तर अपुरे आहे. ते का अपुरे आहे आणि पुरेसे उत्तर कोणते, याविषयीचा हा धागा.

२/
आधी डोळ्यांना दिसणारे शहर. बालाजीचे मंदिर साबाजी भोसले यांचे दिवाण भवानी काळू यांनी बांधवले. ते १७७९ मध्ये पूर्ण झाले. त्याच काळात वाशिम कापडासाठीही प्रसिद्ध होते. १७६९ च्या कनकापूरच्या तहात जानोजी भोसल्यांनी पेशव्यांना द्यावयाच्या वस्तूंमध्ये वाशिम व बाळापूरच्या कापडाचाही समावेश होता. म्हणजे आज ‘जुने वाशिम’ म्हणून जे दाखवले जाते, ते मुख्यतः भोसलेकालीन आहे.

३/
त्याच्या खाली आणखी एक शहर आहे : वत्सगुल्म. पहिल्या प्रवरसेनानंतर वाकाटकांचे राज्य विभागले गेले. एक शाखा रामटेकजवळच्या नंदिवर्धनातून राज्य करू लागली. प्रवरसेनाचा पुत्र सर्वसेन याने चौथ्या शतकात वत्सगुल्म येथे दुसरी शाखा स्थापन केली.

४/
या शाखेचे अस्तित्वच १९३९ पर्यंत इतिहासकारांना ठाऊक नव्हते. त्या वर्षी वाशिममध्ये दुसऱ्या विंध्यशक्तीचे ताम्रपट उजेडात आले. राज्यवर्ष ३७, दानाचे स्थळ वत्सगुल्म, भाषा काही संस्कृत, काही प्राकृत. म. म. वा. वि. मिराशी यांनी अजिंठ्याच्या १६व्या लेण्यातील झिजलेला लेख पुन्हा तपासला आणि जुन्या वाचनात निसटलेले सर्वसेनाचे नाव तेथे ओळखले. वाशिमच्या पत्र्यांनी अजिंठ्याची भिंत वाचायला मदत केली.

५/
वत्सगुल्माची कीर्ती साहित्यातही होती. सर्वसेनाने ‘हरिविजय’ हे प्राकृत काव्य रचले. ते आज उपलब्ध नाही, परंतु आनंदवर्धनासारख्या काव्यशास्त्रकाराने त्याची दखल घेतली आहे. राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह वत्सगुल्म नगरात लावून दिला. वैदर्भी रीतीला ‘वच्छोमी’ हे नाव मिळाले, तेही याच नगरावरून.

६/
वाशिमजवळच्या हिस्से बोराळा येथील शिलालेख राजा देवसेनाच्या काळातला आहे. शक ३८०, म्हणजे इ. स. ४५७-५८. त्यात ‘सुदर्शन’ नावाचा तलाव बांधल्याची नोंद आहे. साधारण त्याच सुमारास गिरनारजवळचा मौर्यकालीन सुदर्शन तलाव फुटला होता आणि स्कंदगुप्ताच्या अधिकाऱ्याने तो दुरुस्त केला होता. नावाचा हा मेळ योगायोग असो वा अनुकरण, पाण्याची सोय हे राजसत्तेचे काम आहे, ही जाणीव दोन्ही लेखांत समान आहे.

७/
देवसेनाचा पुत्र हरिषेण. त्याचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे १६वे लेणे करविले. १७वे लेणेही हरिषेणाच्याच काळात त्याच्या मांडलिकाने खोदविले. म्हणून वत्सगुल्माच्या राज्यकाळाचे सर्वांत भव्य स्मारक वाशिमपासून दूर, वाघूर नदीच्या कड्यात आहे. जगभरातून लोक ते पाहायला येतात. त्यामागची राजधानी कोणती, हे त्यांतील किती जण विचारतात?

८/
मग वाशिममध्ये वाकाटकांचे काही दिसत का नाही? कारण शहर सोडून कोणी गेले नाही. ओसाड पडलेल्या जागी उत्खनन करता येते. मनसरला ते झाले आणि वाकाटककालीन अवशेष हाती आले. वाशिममध्ये मात्र जुन्या थरावर घरे, बाजार आणि रस्ते उभे आहेत.

९/
ही अडचण वाशिमची एकट्याची नाही. चीनमधले शिआन म्हणजे तांग राजवंशाची राजधानी छांगआन. महाराष्ट्र पाहून गेलेला ह्युएनत्संग ६४५ मध्ये तेथेच परतला. त्याने आणलेल्या ग्रंथांसाठी ६५२ मध्ये उभारलेला मनोरा दुरुस्त्यांसह आजही उभा आहे. परंतु प्रवासी ज्या तटावर सायकल फिरवतात, तो तांगकालीन नाही. तो १४व्या शतकातला, मिंगकालीन आहे. तांगांचे छांगआन बरेचसे आधुनिक शहराखाली गाडलेले आहे.

१०/
शिआनकडून घेण्यासारखी गोष्ट म्हणजे तेथे मेट्रोचा मार्ग खणण्याआधी पुरातत्त्वीय पाहणी होते. टाळण्यासारखी गोष्टही तेथेच आहे : तांग शैलीत नव्याने उभारलेला, दिव्यांनी झगमगणारा रस्ता. तेथे गर्दी लोटते, पण त्यातून तांग काळाविषयीचा पुरावा मिळत नाही. वाशिममध्ये उद्या सिमेंटची ‘वाकाटक कमान’ उभी राहिली, तर तिचीही गत हीच होईल.

११/
यावर आक्षेप येईल. वाशिमची गणना देशातील आकांक्षित जिल्ह्यांत झाली आहे. जेथे शेती, पाणी आणि रोजगाराचे प्रश्न उभे आहेत, तेथे ताम्रपटांचे कौतुक कशाला? आक्षेप रास्त आहे. परंतु येथे मागणी आहे ती चार फलकांची आणि पायाखोदाईच्या वेळी एका जाणकाराच्या उपस्थितीची. त्याला कमानीएवढाही खर्च येणार नाही. शिवाय ज्या जिल्ह्याचा दीड हजार वर्षांपूर्वीचा लेख तलावाविषयी बोलतो, तेथे इतिहास आणि पाणी हे वेगळे विषय मानण्याचे कारण नाही.

१२/
फलक मात्र प्रामाणिक हवेत. पद्मतीर्थावर सांगावे की ‘वत्सगुल्ममाहात्म्य’ या भूमीत १०८ तीर्थे मानते, आणि ही परंपरा आहे. मध्यमेश्वरावर सांगावे की प्राचीन मध्यरेखा येथून जाते अशी श्रद्धा आहे. आजच्या नकाशावर उज्जैन वाशिमच्या सुमारे सव्वा अंश पश्चिमेला आहे, हेही सांगावे. बालाजीवर १७७९ लिहावे, हिस्से बोराळ्यात शक ३८०. श्रद्धा, दस्तऐवज आणि अंदाज यांतला फरक वाचकाला कळला, तर श्रद्धेचे काही बिघडत नाही आणि इतिहासाचे पुष्कळ साधते.

१३/
याच जिल्ह्यात पोहरादेवीला २०२४ मध्ये बंजारा समाजाचा वारसा मांडणारे संग्रहालय सुरू झाले. समृद्धी महामार्गही जिल्ह्यातून जातो. लोक येऊ शकतात, आणि इतिहास मांडण्याची इच्छाशक्ती जिल्ह्यात आहे, हे यावरून दिसते. राहिले आहे ते वत्सगुल्माचे नाव ठळक अक्षरांत लिहिणे.

१४/
तेव्हा वाशिम पाहायचे म्हणजे बालाजी, पद्मतीर्थ आणि मध्यमेश्वर पायी पाहायचे. मग हिस्से बोराळ्याला जायचे आणि शेवटी अजिंठ्याचे १६वे लेणे गाठायचे. त्या लेण्यात उभ्या असलेल्या प्रवाशाला वाशिमचे नाव कळावे आणि वाशिमच्या बसस्थानकावर उतरलेल्याला त्या लेण्याचे. त्यासाठी सुरुवातीला दोन पाट्या पुरेत.