हिरवळीची सवलत आणि पाण्याचा हिशेब

२०२२ च्या ऑगस्टमध्ये फ्रान्समधील तुलूझ शहरालगतच्या दोन गोल्फ मैदानांवर पर्यावरणवादी कार्यकर्त्यांनी चेंडू घालविण्याची भोके सिमेंट ओतून बुजविली. त्या वर्षीच्या जुलैत फ्रान्सवर सरासरी दहा मिलिमीटरही पाऊस पडला नव्हता. शंभरांहून अधिक गावांच्या नळांना पाणी नव्हते. घरच्या बागेवर आणि मोटार धुण्यावर निर्बंध, गोल्फच्या हिरवळीला मात्र सवलत, हे पाहून लोक संतापले यात नवल नाही. तथापि संताप समजून घेणे वेगळे आणि सवलतीचा हिशेब तपासणे वेगळे.

ही सवलत साऱ्या मैदानाला नव्हती. ती केवळ ‘ग्रीन’ला, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक कातरलेल्या गवताच्या पट्ट्याला होती. रात्री आठ ते सकाळी आठ या वेळात, नेहमीच्या तीस टक्क्यांपेक्षा अधिक नाही, आणि पिण्याच्या पाण्याची टंचाई असेल तेथे तेवढेही नाही, अशी तिची मर्यादा होती. अठरा भोकांच्या मैदानातील सर्व ग्रीन एकत्र केले तरी साधारण एक हेक्टरच भरतात. सभोवतालचे विस्तीर्ण गवत वाळले तरी बहुधा पावसानंतर पुन्हा डोके वर काढते. ग्रीन मेले तर ते मोठ्या खर्चाने नव्याने उभे करावे लागते. अर्थशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर ग्रीन हे भांडवल आहे. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना आणि तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यातील मोसंबी बागायतदारांपुढे हाच पेच होता. एका हंगामाचे पीक बुडाले तर पुढच्या वर्षी पेरता येते. झाड गेले की वर्षानुवर्षांची गुंतवणूक जाते. मोसंबीची गोल्फशी तुलना अनेकांना रुचणार नाही, पण युक्तिवाद एकच आहे.

येथवर सवलतीची बाजू बळकट दिसते. परंतु हे भांडवल उन्हाने इतके नाजूक का होते, हा प्रश्न त्या वादात फारसा कोणी विचारला नाही.

समशीतोष्ण देशांत ग्रीनवर बहुधा बेंट जातीचे गवत असते. सोळा ते चोवीस अंश सेल्सिअस तापमानात ते सुखाने वाढते. पारा तिशीपलीकडे गेला की पानांची कमाई घटते आणि श्वसनाचा खर्च वाढतो. साठ्यावर हात पडतो, मुळे आखडतात. अशा वेळी धो-धो पाणी देणे हा उपाय नव्हेच. ओल्या, तापलेल्या मातीत मुळांना हवा मिळत नाही आणि बुरशी फोफावते. जाणता माळी कोरडे ठिपके शोधून नळीने तेवढेच भिजवितो, भर दुपारी पाने थंड होण्यापुरता हलका फवारा मारतो, मातीत बारीक छिद्रे पाडतो, आणि मुख्य म्हणजे कापणीचे पाते वर उचलतो. तीन मिलिमीटरांवर कातरलेल्या गवताला अर्धा मिलिमीटर पान अधिक मिळाले तरी त्याची कमाई वाढते.

मग पाते सर्रास वर का उचलले जात नाही? कारण त्यामुळे चेंडू मंदावतो. ग्रीनवर चेंडू किती लांब घरंगळतो हे मोजण्याचे एक साधे उतरते साधन अमेरिकेतील एडवर्ड स्टिम्पसन याने १९३५ मध्ये तयार केले. तेथील गोल्फ संघटनेने १९७८ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती मैदानांच्या व्यवस्थापकांच्या हाती दिली. हेतू एका मैदानावरील सर्व ग्रीन सारखे राखण्याचा होता. पण आकडा मिळताच चढाओढ लागली. शेजारच्या क्लबाचे ग्रीन वेगवान, तर आमचे का नको? एकट्याने माघार घेणारा क्लब सभासद गमावण्याच्या भीतीत असतो, आणि ही चढाओढ कडक उन्हाळ्यात पाण्याच्या खात्यावर लिहिली जाते. अशा ठिकाणी नियम सर्वांना एकदम लागू करावा लागतो. सवलत हवी असेल त्याने उष्णतेच्या काळात कापणीची उंची वाढवावी आणि मंद ग्रीनवर खेळावे, अशी अट घालणे अशक्य नव्हते. फ्रान्समधील सवलतीची भाषा मात्र पाण्याचे प्रमाण आणि वेळ यांपुरतीच राहिली.

दुसरा मार्ग गवतच बदलण्याचा. अमेरिकेच्या दक्षिणेकडील अनेक क्लबांनी बेंट काढून बर्म्युडा गवताच्या खुज्या जाती लावल्या. २०११ ची पीजीए अजिंक्यपद स्पर्धा अटलांटाजवळ अशाच ग्रीनवर झाली. हे बर्म्युडा म्हणजे आपल्या शेतकऱ्याने पिढ्यानपिढ्या खणून काढलेल्या हरळीचेच कुळ. पस्तीस अंशांचे ऊन तिला मानवते आणि बेंटपेक्षा कमी पाण्यात तिचे भागते. तुलूझच्या हिवाळ्यात ती पिवळी पडेल हे खरे. तेवढे महिने सभासदांना पिवळ्या ग्रीनवर खेळावे लागेल.