तिथी पाहा आणि बंदर बघायला निघा

मैत्रिणींनो, आपल्यापैकी पुष्कळजणी मुंबईला दोन-चारदा तरी जाऊन आलेल्या असतात. कधी पुतणीच्या लग्नाला, कधी नणंदेच्या बाळंतपणाला, तर कधी घरातल्या कुणाच्या ऑपरेशनला. पण "मुंबईत काय पाहिलंस गं?" असे कुणी विचारले, तर खरे उत्तर काय? दादर स्टेशन आणि जाऊबाईंचे स्वयंपाकघर! पाहुणी म्हणून गेलेली बाई तिथेही पोळ्याच लाटत असते. त्यातून "मुंबई म्हणजे नुसता खर्च" हे यजमानांचे ठरलेले वाक्य.

मुंबईचा इतिहासही मोठा गमतीचा आहे, बरं का. १६६१ साली पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन हिच्या लग्नाच्या तहात मुंबई इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्स राजाला मिळाली. हुंड्यातच म्हणा ना! त्याने ती १६६८ मध्ये वर्षाला अवघ्या दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. जिच्या लग्नापायी हा सारा व्यवहार झाला, त्या कॅथरीनने मुंबई कधी डोळ्यांनी पाहिली नाही. आपले तरी तसे होऊ नये. पुढच्या खेपेला एक दिवस मागून घ्या, आणि तो बंदरावर घालवा.

बंदरच का? मुंबईच्या पश्चिमेला उघडा समुद्र आहे; चौपाटी तिकडची, ती सगळेच दाखवतात. पूर्वेला, शहर आणि समोरचा उरणचा किनारा यांच्यामध्ये, खोल आणि आडोशाचे पाणी आहे. जहाजांना तिथे आसरा मिळाला, म्हणून तर हे शहर वाढले. ही बाजू पाहायला पैसेही थोडे लागतात.

आधी तिथी पाहा

मोऱ्याला, म्हणजे उरणच्या बाजूला, जाणारी लाँच ओहोटीच्या वेळी गाळामुळे अडते. म्हणून दिवस ठरवताना भिंतीवरचे कॅलेंडर काढा. कोकणातल्या बायकांना ठाऊक असलेला हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली, की पूर्ण भरतीची वेळ निघते. द्वादशीला नऊ, त्रयोदशीला पावणेदहा, चतुर्दशीला साडेदहा, पौर्णिमेला किंवा अमावास्येला सव्वाअकरा. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. हा अंदाज झाला. धक्क्यावर विचारून खात्री करावीच. सकाळच्या लाँचसाठी शुद्ध किंवा वद्य द्वादशीपासून पुढचे तीन-चार दिवस बरे. पावसाळ्यात मात्र हा बेत नको.

दिवस असा काढावा

पहाटेच कुलाब्याचा ससून डॉक गाठा. १८७५ साली बांधलेली ही गोदी आज मासळीची आहे. उजाडायच्या आत होड्या लागतात, टोपल्या हातोहात वर येतात, लिलाव पुकारले जातात. कोळणींचा भाव करण्याचा खाक्या एकदा ऐकाच! एका बाजूला ओळीने बसून कोळंबी सोलणाऱ्या बायका दिसतील. बोटे बर्फाने बधिर झालेली, तरी हात थांबत नाहीत. जितकी सोलावी तितके पैसे. बाजारात आपण कोळंबीच्या वाट्यावर घासाघीस करतो, तेव्हा या हातांची आठवण ठेवावी. जुन्या चपला घाला, साडी जरा वर खोचा आणि विचारल्याशिवाय फोटो काढू नका.

तिथून गेटवे ऑफ इंडिया पायी वीस-पंचवीस मिनिटांवर. त्याचे तोंड पूर्वेला, म्हणून तो सकाळीच पाहावा. १९११ साली राजा-राणी मुंबईत उतरले त्याची ही आठवण. बांधून झाली मात्र १९२४ मध्ये. पुढे २८ फेब्रुवारी १९४८ रोजी इंग्रजांची शेवटची पलटण याच कमानीखालून परत गेली. पायरीवर बसून डबा सोडा.

मग बसने सीएसएमटी. तिथून हार्बर लाईनची लोकल पकडून तिसरे स्टेशन, डॉकयार्ड रोड. सकाळची गर्दी शहराकडे येणारी असते, आपण उलट्या दिशेने जातो, त्यामुळे बायकांच्या डब्यात बसायला जागा मिळते. तिथून भाऊचा धक्का जवळच. भाऊ अजिंक्य यांच्या नावावरून हे नाव पडले. कोकण रेल्वे नव्हती, तेव्हा कितीतरी चाकरमानी कोकणच्या आगबोटीने ये-जा करीत.

मोऱ्याच्या लाँचचे भाडे घारापुरीच्या मानाने पुष्कळ कमी, आणि बंदर मात्र तेच. तासाभराच्या प्रवासात नांगरलेली जहाजे, घारापुरीचा डोंगर आणि पलीकडे न्हावा-शेव्याच्या उंच क्रेन दिसतात. १९८९ साली सुरू झालेल्या त्या बंदरात पेट्यांतून उतरणारा माल आपल्या घरापर्यंत येतो. उत्तरेला २०२४ मध्ये खुला झालेला अटल सेतू. मोऱ्याला चहा घ्या, कोळीवाड्यात फिरून या आणि पाणी उतरायच्या आत परत निघा.

दोन गोष्टी विसरू नका

१७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट भर पावसाळ्यात बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. अगदी अलीकडे, १८ डिसेंबर २०२४ रोजी, घारापुरीला निघालेल्या बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळून जीव गेले. म्हणून लाइफ जॅकेट मागून घ्या आणि मुलांनाही घाला. बोट भरलेली दिसली, तर सरळ पुढची धरा. "इतक्यानं काय होतंय?" असे म्हणणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका.

दुसरी गोष्ट १४ एप्रिल १९४४ ची. व्हिक्टोरिया गोदीत एका जहाजावर स्फोटके आणि कापसाच्या गाठी एकत्र भरल्या होत्या. आग लागली, स्फोट झाले आणि गोदीबाहेरची वस्तीही होरपळली. आग विझवताना ६६ जवान गेले. म्हणूनच १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन. रॉकेल आणि काडेपेटी एका फळीवर ठेवू नये, हे आपल्याला कळते. तिथे ते राहून गेले.

पैशांचे आणि डब्याचे

एसटीने गेलात तर महाराष्ट्रात बायकांना मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट आहे. ते वाचलेले पैसे वेगळ्या पाकिटात घाला. या दिवसाचा बराचसा खर्च त्यातच भागेल. टॅक्सी टाळावी, बस-लोकल पुरते. सुटे पैसे जवळ असू द्या. दुधात भिजवलेल्या दशम्या, शेंगदाण्याची कोरडी चटणी आणि काकडी दिवसभर टिकते. पाण्याची बाटली, पदराखाली बांधायला रुमाल आणि उलटी होत असेल तर आवळासुपारी घ्या. स्वच्छतागृहाची सोय सीएसएमटीवर आहे. धक्क्यावर जाण्यापूर्वी तिथेच उरकावे.

जाऊबाईंना चार दिवस आधी सांगून ठेवा, "त्या दिवशीचा स्वयंपाक माझ्याकडे नाही हं." नाहीतर त्यांनाही बरोबर न्या. मुंबईत वीस वर्षे राहूनही भाऊचा धक्का न पाहिलेल्या जावा काही कमी नाहीत!