पहिल्या तासाची नोंद ठेवा

सहा तास. छातीत दुखू लागल्यापासून रुग्णालयाच्या दारात पोहोचायला भारतातल्या हृदयरुग्णाला लागणारा हा वेळ. देशातल्या 89 रुग्णालयांमधील 20,468 रुग्णांची पाहणी करणाऱ्या ‘क्रिएट’ अभ्यासाने तो 2008 मध्ये ‘लॅन्सेट’मधून मांडला. निम्म्या रुग्णांना तर याहूनही उशीर झाला होता. रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली, की हृदयाचा स्नायू अर्ध्या तासाच्या आसपास मरू लागतो. सहा तासांत त्यातले किती उरते, हे वेगळे सांगायला नको.

मीरा रोडच्या पूनम सागरमध्ये हे तास कुठे जातात, ते इथला कोणीही सांगेल. रात्री छातीत जळजळले की पहिले निदान घरातच होते: गॅस झाला असेल. ओवा होतो, ॲसिडिटीची गोळी होते, थोडे पडून पाहणे होते. घाम फुटला, हात भरून आला, की शेजाऱ्याची बेल वाजते. जुन्या इमारतीच्या लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावत नाही, तेव्हा माणसाला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून दोघेतिघे जिन्याने उतरवतात. खाली आल्यावर खरा घोळ सुरू होतो. रिक्षा की 108? जवळचे खासगी रुग्णालय, की तीसहून अधिक किलोमीटरवरचे परळचे केईएम? अनामत किती मागतील? महात्मा फुले योजनेत अँजिओप्लास्टी बसते हे बहुतेकांनी ऐकलेले असते. आत्ता, या वेळी, कोणत्या रुग्णालयात ती होईल हे मात्र ठाऊक नसते. मधुमेह असलेल्या अनेकांना आणि पुष्कळ स्त्रियांना छातीत ठळक दुखतही नाही. त्यांचा उशीर आणखी मोठा.

‘क्रिएट’मधला दुसरा आकडा आम्हाला जास्त बोचतो. झटक्यानंतर 30 दिवसांत दगावणाऱ्यांचे प्रमाण गरीब रुग्णांत 8.2 टक्के होते, तर सधन रुग्णांत 5.5 टक्के. मिळालेल्या उपचारांतला फरक हिशेबात धरला, तेव्हा ही तफावत नाहीशी झाली. गरिबांचे हृदय काही अधिक नाजूक नव्हते. त्यांना औषधे आणि शस्त्रक्रिया कमी मिळाल्या होत्या. पुढे फेब्रुवारी 2017 मध्ये स्टेंटच्या किमतींवर मर्यादा आली आणि औषधाचा लेप असलेला स्टेंट 29,600 रुपयांच्या आसपास आला, हे ठीकच झाले. पण स्टेंट स्वस्त झाल्याने रुग्ण वेळेत पोहोचत नाही.

हे सारे आपल्याला कळले, ते कोणीतरी चिकाटीने नोंदी ठेवल्या म्हणून. नागपूरच्या डॉ. प्रशांत जोशी यांनी सहकाऱ्यांसह 2007 मध्ये दाखवून दिले, की दक्षिण आशियातल्या माणसाला पहिला झटका साधारण 53 व्या वर्षी येतो, इतर देशांतल्यांपेक्षा पाच-सहा वर्षे आधी. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या गावांतल्या माता आणि त्यांची मुले यांचा पाठपुरावा केला. अंगाने सडपातळ दिसणाऱ्या भारतीयाच्या शरीरातही चरबी जास्त असते, हे त्यांच्या कामातून जगाला समजले. म्हणूनच परदेशी तक्त्यावरचे वजन पाहून आपण निर्धास्त राहू शकत नाही.

आणि संशोधन म्हणजे फक्त मोठ्या संस्थेची प्रयोगशाळा, हा समजही सोडायला हवा. रक्तदाब, कोलेस्टेरॉल, तंबाखू यांचा हृदयविकाराशी असलेला संबंध जगाने शिकला तो फ्रॅमिंगहॅममध्ये, म्हणजे बोस्टनच्या जवळच्या एका साध्या गावात. तिथल्या 5,209 रहिवाशांची 1948 पासून नियमित तपासणी झाली. पुढे त्यांच्या मुला-नातवंडांचीही. मीरा-भाईंदरची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेतच 8 लाखांवर होती. महानगराला लागून असलेले, मराठी, गुजराती, उत्तर भारतीय, मुस्लिम, ख्रिस्ती कुटुंबांचे, रोज लोकलमध्ये तासन्‌तास उभे राहणारे हे शहर. हृदयविकाराच्या अभ्यासासाठी याहून योग्य जागा शोधून सापडणार नाही.

आमची मागणी अवघड नाही. शहरातल्या प्रत्येक सरकारी, पालिका आणि खासगी रुग्णालयाने हृदयविकाराच्या झटक्याची नोंद एकाच नमुन्यात पालिकेला द्यावी: दुखणे कधी सुरू झाले, पहिला ईसीजी कधी निघाला, गुठळी विरघळवणारे इंजेक्शन वा अँजिओप्लास्टी किती वाजता झाली, 30 दिवसांनी रुग्ण कसा आहे. नाव गुप्त राहावे, वेळ मात्र उघड असावी. सोबत प्रत्येक पालिका दवाखान्यात ईसीजी यंत्र हवे आणि त्याची पट्टी मोबाइलवरून मिनिटांत तज्ज्ञापर्यंत जायला हवी. हृदयविकाराच्या झटक्यांसाठीच्या राज्याच्या ‘स्टेमी’ प्रकल्पात हे काम काही जिल्ह्यांत सुरू झालेच आहे. दहा मिनिटांत ईसीजी, आणि दोन तासांत अँजिओप्लास्टी शक्य नसेल तर जागच्या जागी इंजेक्शन, हा जगन्मान्य नियम पूनम सागरच्या नाक्यावर पाळता येतो. सोसायट्यांनी आपल्या वॉचमनना आणि तरुणांना सीपीआर शिकवून घ्यावे, त्याला पैसे लागत नाहीत.

नोंदींसाठी मात्र पैसे लागतील: माणसे, संगणक, एखाद्या वैद्यकीय महाविद्यालयाचे मार्गदर्शन. रस्ते आणि चौकांच्या सुशोभीकरणावर होणाऱ्या खर्चापुढे ही रक्कम किरकोळ ठरावी. पालिकेच्या येत्या अंदाजपत्रकात यासाठी स्वतंत्र तरतूद व्हावी आणि पहिल्या वर्षाचा अहवाल, कोणत्या भागातल्या रुग्णाला किती मिनिटे लागली या तपशिलासह, नागरिकांसमोर मराठीत ठेवला जावा.