साक्ष त्यांची घ्या!

मंडळी, (आज हा शब्द दोन्ही अर्थांनी घ्यावा, ब्लॉगवरची मंडळी आणि चर्चमधली मंडळी) ह्या विकांताला कोड, गॅजेट्स, पुण्याचं ट्रॅफिक वगैरे काही नाही. ह्या वेळी घरचीच भांडी वाजवणार आहे. जे ख्रिस्ती नाहीत त्यांनीही वाचायला हरकत नाही. देवळात पहिल्या रांगेत आणि घरात जमदग्नी, हा नमुना काही आमचीच मक्तेदारी नव्हे :-)

मुद्दा आधीच सांगून टाकतो, म्हणजे घाईतल्यांची सोय. आपण "आत्मिक वाढ" ज्या पट्टीने मोजतो ती पट्टीच चुकीची आहे. एखाद्या विश्वासणाऱ्याची वाढ किती झाली हे त्याला विचारू नये. त्याच्या पाळकसाहेबांना तर नाहीच नाही. ज्या माणसांवर त्याची सत्ता चालते त्यांना विचारावं. बायको, मुलं, थकलेले आईवडील, ऑफिसातला ज्युनिअर, धुणंभांडी करणाऱ्या मावशी, सोसायटीचा वॉचमन. ह्याच्यामुळे त्यांचं जगणं हलकं झालंय की जड? एवढा एकच प्रश्न.

आता आपली चालू पट्टी बघा. रविवारी उपासना, बुधवारी प्रार्थनासभा, महिन्यातून एकदा उपास-प्रार्थना, मे महिन्यात संजीवन सभा. शिवाय रोज सकाळी सूर्योदयाच्या चित्रावर वचन छापून यच्चयावत व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर फॉरवर्ड. हे सगळं नेमाने करतो तो "आत्मिक माणूस". ह्यातलं काही वाईट आहे असं मी म्हणत नाहीये. पण ही हजेरी झाली, वाढ नाही. आमच्या धंद्यात एके काळी प्रोग्रामरचं काम त्याने लिहिलेल्या ओळींवरून मोजायचे. मग काय, ओळी वाढल्या! सॉफ्टवेअर सुधारलं असं काही नाही. माणसं फार हुशार असतात हो, तुम्ही जे मोजाल ते ती भरभरून देतात.

हे माझंच डोकं चाललंय असं नाही. अमेरिकेत शिकागोजवळ विलो क्रीक नावाचं एक अवाढव्य चर्च आहे. कार्यक्रमांचं नियोजन कसं करावं हे जगभरातली चर्चेस त्यांच्याकडे बघून शिकायची. त्यांनी आपल्याच लोकांचं सर्वेक्षण केलं आणि २००७ साली "रिव्हील" ह्या नावाने ते छापलं. निष्कर्ष काय? चर्चच्या कार्यक्रमांतला सहभाग वाढला म्हणून देवावरचं आणि माणसांवरचं प्रेम वाढतंच असं नाही. स्वतःच्याच कारखान्याबद्दल असं छापायला धैर्य लागतं, त्याबद्दल त्यांना सलाम. आपल्याकडे मात्र ह्यावरचा उपाय अजूनही तोच, आणखी एक कार्यक्रम.

बरं, हजेरी सोडा. दुसरी पट्टी ज्ञानाची आणि कृपादानांची. ज्याला वचनं तोंडपाठ, जो तासभर प्रार्थना करतो, ज्याच्या भाषणाने सभा हलते, तो पक्व. करिंथच्या मंडळीत ह्या सगळ्याची रेलचेल होती. कुठल्याच कृपादानात तुम्ही कमी नाही असं पौल त्यांना लिहितो, आणि त्याच पत्रात दोन पानं पुढे त्यांना तान्ही बाळं म्हणतो! कारण काय, तर आपसात हेवा आणि भांडणं.

ह्याचं आजच्या काळातलं उदाहरण फार कडू आहे. चेन्नईत जन्मलेले रवी झकरायस हे विश्वासाची बौद्धिक बाजू मांडणारे जगप्रसिद्ध वक्ते. मे २०२० मध्ये ते वारले. फेब्रुवारी २०२१ मध्ये त्यांच्याच संस्थेने नेमलेल्या वकिलांचा अहवाल आला. मसाजचं काम करणाऱ्या स्त्रियांशी त्यांनी वर्षानुवर्षं लैंगिक गैरवर्तन केल्याचं त्यात निघालं. हॉल भरून लोक टाळ्या वाजवत होते, आणि खरा माणूस ठाऊक होता तो फक्त त्या स्त्रियांना. त्यांना विचारलं कुणी? वेळेवर तर नाहीच.

तिसरी पट्टी साक्षीची. "मी असा होतो, प्रभूने मला असं केलं." दारू सुटली, नोकरी लागली, व्हिसा झाला. दारू सुटणं ही काही लहान गोष्ट नव्हे, ज्या घराने ती भोगलीय त्याला विचारा. पण वीस वर्षं झाली तरी साक्ष तीच? बाळ जन्मलं की पेढे वाटतात. वीस वर्षांनी ते पाळण्यातच असेल तर आपण पेढे वाटतो का डॉक्टरकडे नेतो? इब्रीकरांस लिहिलेल्या पत्राची तक्रार नेमकी हीच आहे. एव्हाना तुम्ही शिक्षक व्हायला हवं होतं, आणि अजून तुम्हाला दूधच लागतंय. जड अन्न कुणासाठी, तर ज्यांना बरंवाईट ओळखायचा सराव झालाय त्यांच्यासाठी. सराव! म्हणजे रोज, थोडं थोडं, कंटाळवाणं. ह्याला संजीवन सभेचा शॉर्टकट नाही.

आणि ह्या साक्षीतली सगळ्यात मोठी गडबड म्हणजे ती आपली आपणच द्यायची असते. स्वतःच लिहिलेलं प्रोग्राम स्वतःच तपासून "सगळं व्यवस्थित चालतंय" म्हणणाऱ्याला आमच्याकडे काय म्हणतात ते इथे लिहिता येणार नाही.

येशूने हा हिशेब एका गोष्टीत मांडून ठेवलाय. मत्तयचा अठरावा अध्याय. राजाचा एक नोकर, डोक्यावर दहा हजार टॅलेंटचं कर्ज. एक टॅलेंट म्हणजे साधारण सहा हजार दिनार आणि एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. करा गुणाकार. सहा कोटी दिवसांची मजुरी! वर्षाला ३०० दिवस काम धरलं तर दोन लाख वर्षं. राजाने ते सगळं माफ केलं. बाहेर पडल्या पडल्या ह्याला एक सोबती भेटला, त्याच्याकडून ह्याचे शंभर दिनार येणं होते, म्हणजे तीन-चार महिन्यांची मजुरी. ह्याने त्याचा गळा धरला आणि त्याला तुरुंगात टाकलं.

आता गंमत बघा. राजापुढे हा माणूस अगदी आदर्श होता. पाया पडला, विनवण्या केल्या. दरबारातली त्याची "उपासना" एक नंबर. मग राजाला खरं कळलं कसं? बाकीच्या नोकरांनी जाऊन सांगितलं! ही गोष्ट आपण क्षमेवरच्या प्रवचनांत शेकडो वेळा ऐकलेली असते, पण साक्ष कुणाची मानली गेली इकडे फारसं कुणी बघत नाही.

आपल्या मराठी मंडळीकडे तर अशा साक्षीचं सोन्यासारखं उदाहरण आहे. रेव्हरंड टिळकांचा १८९५ सालचा बाप्तिस्मा आपण कौतुकाने सांगतो. पण टिळक माणूस म्हणून कसे होते हे आपल्याला कुठून कळतं? लक्ष्मीबाईंच्या "स्मृतिचित्रे"तून. त्यांचा शीघ्रकोप, घरात काही नसताना दुसऱ्याला देऊन टाकण्याची वृत्ती, संसाराची तारांबळ, आणि त्या सगळ्यातून दिसणारं भलं मोठं मन. कुठलंही चर्च असं प्रमाणपत्र देऊ शकत नाही, कारण हे घरातून लिहिलेलं आहे.

आणि लक्ष्मीबाईंची स्वतःची वाढ? टिळकांनंतर पाच वर्षांनी, १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. नवऱ्याकडे परत आल्यावरही त्यांचं सोवळं-ओवळं लगेच सुटलं नव्हतं. पाणी कुणाच्या हातचं प्यायचं, ताट कुणाच्या पंगतीला मांडायचं ह्यावर मनाशी झगडा चालला. आधी जात मनातून गेली, मग बाप्तिस्मा. आपल्याकडे बरोब्बर उलटं! आजोबांच्या आजोबांचा बाप्तिस्मा झालेला, पण मुलीचं लग्न ठरवायची वेळ आली की हळूच विचारतात, "ते मूळचे कोण?" अशा घरात भिंतीवर वचनांच्या दहा पाट्या असल्या तरी स्वयंपाकघरात त्या एका बाईने गाठलेला टप्पा अजून लांबच आहे.

आता नेहमीचे आक्षेप.

एक. "तारण कृपेने होतं, कर्माने नाही." मान्य, शंभर टक्के मान्य. दोन लाख वर्षांचं कर्ज कुणी ओव्हरटाइम करून फेडत नसतं. पण मी तारण मोजत नाहीये, वाढ मोजतोय. फळ लागलं म्हणून झाड आंब्याचं होत नाही हे खरं, पण वीस वर्षं एकही आंबा आला नाही तर मालक माळ्याला दोन शब्द विचारतोच.

दोन. "मग एखादा सज्जन नास्तिकही पक्वच म्हणायचा!" तो आपल्यापेक्षा चांगला वागत असेल तर त्याच्याशी वाद घालण्याऐवजी लाज वाटून घ्यावी हे बरं. राहता राहिला ख्रिस्ती असण्याचा फरक. तो असा की वरचा खाली वाकतो. गुरूने शिष्यांचे पाय धुतले, जे काम गुलामांचं होतं. म्हणजे बॉसने ज्युनिअरची क्षमा मागणं, बापाने पोराला "चुकलं माझं" म्हणणं. आपल्याकडे प्रभूपुढे ढसाढसा रडणारे पुष्कळ भेटतात, कामवाल्या मावशींना सॉरी म्हणणारे शोधावे लागतात.

तीन. "हाताखालचे खरं थोडंच सांगतील? घाबरून गोड बोलतील." बरोबर. पण मग उत्तर मिळालंच की! ज्याच्या घरच्यांना खरं बोलायची भीती वाटते, त्याची परीक्षा तिथेच संपली.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ज्याच्यासाठी खरं तर हा लेख लिहायला बसलो. पक्वतेचा उपदेश आपल्याकडे नेहमी खालच्यालाच केला जातो. नवरा हात उचलतो म्हणून बाई पाळकांकडे जाते, तर तिला सांगतात, "ताई, सहन करा, प्रार्थना करा, प्रभू तुमचा विश्वास वाढवतोय." माझ्या माहितीतल्या एका मंडळीत अशा एका ताईंना हेच सांगितलं गेलं, आणि नवरा त्या रविवारी दानपेटी फिरवत होता. वाढ कुणाची व्हायला हवी होती? सोसणाऱ्याची परीक्षा घ्यायची आणि मारणाऱ्याला सेवा द्यायची, ह्याला आत्मिकता म्हणत असाल तर ती तुम्हालाच लखलाभ. ज्याच्या हातात सत्ता, वाढीचा तगादा आधी त्याच्यामागे लागला पाहिजे. आणि ज्याला मार बसतोय त्याला आधी सुरक्षित जागा, पोलीस, वकील. प्रवचन नंतर.

मग करायचं काय? एक जुनी युक्ती सांगतो. १७४२ साली इंग्लंडातल्या ब्रिस्टलमध्ये जॉन वेस्लीच्या लोकांवर सभागृहाचं कर्ज होतं. ठरलं असं की बारा-बारा जणांचे गट करायचे आणि दर आठवड्याला माणशी एक पेनी गोळा करायची. गोळा करणारे घरोघरी जाऊ लागले आणि भलतंच दिसायला लागलं. कुणी बायकोशी भांडत बसलेला, कुणी दारू प्यायलेला. वेस्लीच्या लगेच लक्षात आलं की आपल्याला हवं होतं ते हेच. पुढे त्या गटांत दर आठवड्याला प्रत्येकाची विचारपूस व्हायला लागली. आमच्या भाषेत सांगायचं तर प्रोग्राम डेमोमध्ये चालतो की नाही हे बघणं सोडून तो गिऱ्हाइकाच्या मशीनवर चालतो का हे त्यांनी बघितलं.

तेव्हा पुढच्या शिबिराच्या वर्गणीतून थोडे पैसे वाचवा आणि घरोघरी जा. ज्याला वडील, पंच किंवा संडे स्कूलचा शिक्षक नेमायचंय त्याच्या घरच्यांशी बोला, नवऱ्यासमोर नको, वेगळं. त्याच्या ड्रायव्हरला, मावशींना पगार वेळेवर आणि पुरेसा मिळतो का विचारा. त्याच्या टीममधल्या पोराला विचारा, चूक कुणाची होते आणि मेलमध्ये नाव कुणाचं जातं. एवढं केलंत तर निम्म्या समित्या रिकाम्या होतील, होऊ देत.

आणि ज्याला कुणालाच विचारायचं नाही त्याने निदान एवढं करावं. आपल्या घरातल्या बाईने उद्या आपलं "स्मृतिचित्रे" लिहायला घेतलं तर आपल्या पानांवर काय असेल, ह्याचा विचार करावा.

असो. शिव्या द्यायच्या असतील त्यांनी जरूर द्याव्यात, फक्त त्या देताना घरच्यांवर डाफरू नका म्हणजे झालं :-)