धर्माचा रकाना कोण भरतो?

समोर बसलेल्या रुग्णाला काहीही न विचारता, केवळ आडनाव पाहून केसपेपर भरणारा डॉक्टर आपण एक दिवसही सहन करणार नाही. जनगणनेत मात्र आपण हेच मुकाट्याने सोसत आलो. गावाकडच्या आमच्या घरी प्रगणकाने जात विचारली आणि धर्माच्या रकान्यात आपल्याच मनाने 'हिंदू' लिहिले. वास्तविक, कुटुंब सांगेल तोच धर्म नोंदवण्याचे बंधन प्रगणकावर असते.

आकडा आकाशातून पडत नाही. प्रश्न कोण विचारतो आणि कसा विचारतो, यावर तो ठरतो. 1911 च्या जनगणनेत ब्राह्मणांचे श्रेष्ठत्व, वेदप्रामाण्य, मंदिरप्रवेश अशा दहा कसोट्या लावताच हिंदूंतील अस्पृश्य वेगळे दिसू लागले. 1932 साली लोथियन समितीपुढे मताधिकाराचा प्रश्न येताच काही प्रांतांतून हेच अस्पृश्य कागदोपत्री नाहीसे झाले! समितीचे सदस्य असलेल्या बाबासाहेबांनी स्वतंत्र टिपण लिहून ही लबाडी उघडी पाडली.

1956 च्या धम्मदीक्षेनंतर, 1961 साली, महाराष्ट्रात सुमारे 27 लाख 90 हजार बौद्ध नोंदले गेले. 2011 साली ही संख्या 65 लाख 31 हजार झाली. परंतु राज्याच्या लोकसंख्येतील प्रमाण 2001 च्या तुलनेत घटले. ही घट माणसांची की रकान्याची? व्यासपीठावरून कोटींचे आकडे फेकल्याने या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. मोजणीविना सांगितलेली संख्या म्हणजे तपासणीविना केलेले निदान होय.

दोष केवळ प्रगणकाचा नाही. सवलती जातील या भीतीने आपलेच लोक 'हिंदू' सांगतात. 1990 च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींच्या यादीत बौद्धांचाही समावेश झाला आहे. शिवाय 1948 च्या जनगणना कायद्याने वैयक्तिक माहिती गोपनीय राहते. मग भीती कसली?

सौदी अरेबियाच्या 2022 च्या जनगणनेत 1 कोटी 34 लाख परदेशी मोजले गेले. त्यांत आपणही होतो, पण केवळ 'भारतीय' म्हणून. भारतातील गणनेच्या काळात जो देशाबाहेर असतो, तो तेथेही मोजला जात नाही. म्हणून आपली जबाबदारी अधिक आहे. पुढील जनगणनेची संदर्भतिथी 1 मार्च 2027 जाहीर झाली आहे. रियाध, जेद्दा, दम्माम येथून दर आठवड्याला घरी पैशांविषयी बोलणाऱ्या बांधवांनी एकदा एवढेही सांगावे : धर्म 'बौद्ध', जातीच्या रकान्यात यादीतील जात, आणि लिहिलेले वाचून दाखवल्याखेरीज प्रगणकाला निरोप नाही.

जय भीम!