नांदेड-लातूरला कार रेस घ्यायची तर जागा कशी निवडावी?

मराठवाड्यातल्या हौशी रेसरला मोठ्या सर्किटवर गाडी चालवायची तर चेन्नई, कोईम्बतूर किंवा ग्रेटर नोएडा गाठावे लागते. जवळच्या हैदराबादेत फेब्रुवारी २०२३ मध्ये शहराच्या रस्त्यांवर फॉर्म्युला-ई झाली. राज्यातले सरकार बदलले आणि २०२४ची शर्यत रद्द झाली.

मग इथे काय शक्य आहे? ऑटोक्रॉस. मोकळ्या मैदानावर एकेक गाडी सोडून वेळ मोजतात. कोट्यवधींचे सर्किट लागत नाही.

मात्र जागा ठरवताना गर्दी किती जमेल, हे शेवटी पाहावे. आधी वळणाबाहेरची मोकळी जागा, प्रेक्षकांचे अंतर, अग्निशमन, रुग्णवाहिका आणि जवळचे ट्रॉमा केअर. यातले एकही नसेल तर प्रशासनाने परवानगी देऊ नये. आणि रात्रीचा रिकामा बायपास म्हणजे ट्रॅक नव्हे.